राणीची पाठराखीण

आत्या गेल्याचा फोन वरवंडहून आला, तेव्हा मी शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या रांगेत अडकले होते. पहिल्यांदा आली ती चीडच. झालं, आता तिचं ते पुस्तक कायमचं अर्धवट राहिलं! रडू नंतर आलं.

आत्या हायस्कुलात इतिहास शिकवायची. गाव सोडून फारशी कुठं गेली नाही, पण शेकडो वर्षांपूर्वीच्या एका राणीनं तिला झपाटलं होतं. डेन्मार्कच्या राजाची मुलगी, परकर-पोलक्याच्या वयात नॉर्वेच्या राजाला दिलेली. पुढं नवरा आणि मुलगा गेल्यावर या बाईनं भलामोठा कारभार एकटीनं हाकला. पण आत्याचं लिखाण लग्नाच्या प्रकरणातच रुतून बसलं. त्या पोरीबरोबर माहेरचं कोण गेलं, हे तिला कुठंच सापडेना.

"अगं, लोकांना राज्य, लढाया वाचायच्यात," मी वैतागून म्हणायचे.

"सासरकडच्या एका बाईनं वाढवली म्हणत्यात. ते ऱ्हाऊ दे. माहेरचं कोण व्हतं?"

"नाही सापडत, तर सोड ना!"

"आन् तिला तिथं एकटीला टाकून म्या पुढं जाऊ व्हय?"

आता याला काय म्हणायचं! बरं, हे लिहिण्यापुरतं असतं तरी चाललं असतं. भावकीत लग्न निघालं, की न विचारता पाठराखीण म्हणून आत्या तयार. पिशवी घेऊन नवरीच्या आधी गाडीत. माझ्या लग्नात तर परतायचा दिवस उलटून गेला तरी हलेना. लसूण सोलता सोलता माझ्या सासूबाईंना नॉर्वेची थंडी समजावून सांगत बसलेली... मी शरमेनं अर्धी झाले. पण त्या दिवसांत मला एकदाही परकं वाटलं नाही, हेही खरं.

परवा तिची खोली आवरायला गेले. खुंटीला तीच पिशवी. म्हटलं, जुनं काहीतरी असेल. उघडली तर धुतलेली दोन लुगडी, सुंठीची पूड, शेंगदाण्याचे लाडू. माझ्या लेकीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, मुलगा पाबळचा. बाईनं आधीच सगळं भरून ठेवलं होतं.

आईनं पाठराखीण जायची आमच्यात रीत नाही. पिशवी मांडीवर घेऊन मी आत्याच्या खाटेवर बसले आणि मोठ्यांदा भांडलेच. आत्या, राणीचं राहू दे गं... माझ्या पोरीबरोबर आता कोण जाणार, ते सांग.