काकूंच्या गाण्यांची हमाली

असले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. घरात जुने चार्जर साचतात ना, कुठल्या मोबाईलचे ते आठवत नाही आणि फेकवतही नाहीत, तसे. माझं लातूरला कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. रिपेअरिंगचं एक वेळ चालतं हो, पण लोकांची गाणी आणि पिक्चर टीव्हीत नीट लावून द्यायचं काम? नको रे बाबा! लई दमलो.

त्याचं एक सॉफ्टवेअर असतं. फाईलचं नाव वाचून ते स्वतःच इंटरनेटवरून फोटो, गायक, वर्ष असं सगळं शोधतं आणि कपाटात लावल्यासारखं मांडून ठेवतं. अट एकच, फाईलचं नाव नीट पाहिजे. आपल्याकडं सगळी बोंब तिथंच!

यंदाची हमाली सिद्रामप्पा काकांची. आमच्या गल्लीतलं त्यांचं किराणा दुकान आता मुलगा वीरेश बघतो. काकू म्हणजे गल्लीतल्या भजनी मंडळाचा मुख्य आवाज. मध्यंतरी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "आता बोलत जा, बोललात तरच आवाज सुटेल." काकू एकदा बोलल्या, स्वतःचा घोगरा आवाज ऐकला आणि तोंडच मिटलं. तेव्हापासून नुसत्या खुणा. घरातल्यांचा जीव टांगणीला लागला.

काका माझ्याकडं आले. "हिची असतील नसतील ती गाणी टीव्हीवर लावून दे. ऐकली की बोलावं वाटंल तिला." ह्याला नाही कसं म्हणणार?

*

गाणी कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये पडली होती. लोह्याहून काकूंच्या बहिणीनं पेनड्राइव्ह पाठवला. उघडून बघतो तर फायलींची नावं अशी: 'नवीन', 'नवीन नवीन', 'एकदम नवीन', 'नवीन जुनं'.

मी फोन लावला. "मावशी, ह्यातलं काकूंचं गाणं कोणतं?"

"जे चांगलं हाय ते तिचं!"

"आणि बाकीची?"

"ती माझी."

ऐकून बघितलं. मावशी खरं बोलत होत्या.

*

काकूंचे भाऊ नायगावला असतात. मामांनी मात्र नावं अगदी सविस्तर दिली होती. इतकी लांब की फाईल कॉपीच होईना! एकीचं नाव होतं, 'नायगाव बारसं पाव्हणे उशिरा आले जेवणात बुंदी होती लाईट गेली परत आली'. गाण्याचा कुठं पत्ता नाही.

मी म्हणालो, "मामा, गाणं कोणतं ते लिहायचं ना."

"गाणं इसरतंय माणूस. बुंदी इसरत न्हाई!"

मी डोक्याला हात लावला आणि सगळी नावं एकेक करून बदलत बसलो.

*

मामांच्या मुलीच्या लग्नात काकूंनी मंगलाष्टकं म्हटली होती. त्या व्हिडिओचं नाव होतं 'लग्न भाग दोन'. सॉफ्टवेअरला वाटलं, हा कुठला तरी परदेशी पिक्चर असणार. त्यानं त्याला एका बर्फातल्या गोऱ्या बाईचा फोटो लावला आणि खाली दहापैकी तीन गुण दिले.

नेमके मामा बहिणीला बघायला आलेले. चष्मा लावून टीव्हीजवळ गेले.

"हे तीन कशाचे?"

"गुण आहेत, मामा. इंटरनेटनं दिलेत."

"कोणाला?"

"लग्नाला."

मामांचा पारा चढला. "आरं, सगळं गाव जेवून गेलं! उठताना हात जोडले लोकांनी! तीन?" मग माझ्याकडं वळून म्हणतात, "ते आलतं का लग्नाला?"

मी ते गुण काढून टाकेपर्यंत मामांनी चहाला हात लावला नाही. काकू सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांचे खांदे हलताना दिसले. हसत होत्या, पण तोंडाला पदर लावून. आवाज काही निघाला नाही. काकांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि एकदा माझ्याकडं. फार वाईट वाटलं त्या वेळी.

*

रोज रोज मला दुकान सोडून येणं जमेना, म्हणून टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर काकांना थोडं शिकवलं. फाईल कशी उचलायची, फोल्डरमध्ये कशी ठेवायची. काकांनी मन लावून काम केलं. दोन दिवसांनी बघतो तर मंगलाष्टकांचा व्हिडिओ तळाला आणि छोट्या आरत्या एकदम वर!

"काका, हे कशावरून लावलं?"

"वजनावरून. ते एमबी लिवलंय की समोर! जड माल खाली, हलका वर. उलटं ठेवलं तर थप्पी पडंल."

आयुष्यभर गोण्या लावलेल्या माणसाला मी काय समजावणार! पुढं बघतो तर निम्मी गाणी गायब.

"काढून टाकली," काका म्हणाले. "एकच आरती धा-धा डाव कशाला? डबल माल हाय त्यो."

"अहो, प्रत्येक वर्षीची वेगळी आहे ती! काकूंचा आवाज आहे!"

काका मटकन खालीच बसले. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. नशीब, सगळं रिसायकल बिनमध्ये सापडलं. परत आणेपर्यंत काका नुसते कपाळावरचं भस्म पुसत राहिले.

*

शेवटी सगळी गाणी लागली. काकू आत भाकरी थापत होत्या. काकांनी टीव्ही लावला. प्रत्येक गाण्याखाली इंग्रजीत एकच ओळ येत होती.

"काय लिवलंय?"

"अनोळखी गायक."

"अनोळखी?" काका उसळले. "सगळं लातूर वळखतंय तिला!"

"त्याला गायकाचं नाव द्यावं लागतं, काका. सांगा, मी टाकतो." तेव्हा लक्षात आलं, मलाही त्यांचं नाव माहीत नव्हतं. आमच्यासाठी त्या कायम काकूच.

काका इकडं तिकडं बघायला लागले. "टाक की... घरचे."

"घरचे कसं टाकू?"

"मग वीरेशची आई टाक."

"काका, सरळ नाव सांगा ना."

काका कानापर्यंत लाल झाले. "लग्नात दार अडवून घ्यायला लावलं होतं पोरींनी. त्याच्यानंतर कधी कामच पडलं न्हाई बघ."

मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. काकांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि टीव्हीकडं तोंड करून, दुकानातून गोदामातल्या हमालाला हाक मारावी तसं मोठ्यानं म्हणाले,

"शिवकांता!"

भाकरीचा आवाज थांबला.

"ओ!"