शेजारचे भाऊ आणि मोहाखालचा वाघ

खोटं बोलायला माणसाच्या अंगात जो काही अवयव लागतो, तो आमच्या शेजारच्या भाऊंना द्यायला देव साफ विसरला असावा. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "देव विसरत नाई." एका मिशनच्या दवाखान्याची गाडी चालवण्यात त्यांचा जन्म गेला. नंतर मूल शहराजवळच्या आमच्या जंगलकाठच्या गावात ते रोज सकाळी ओसरीवर बसून बायबल वाचत. नुसतं वाचून थांबले असते तर कोणाची काही तक्रार नव्हती, पण ते तसंच वागत. होय तर होय म्हणा, नाही तर नाही म्हणा, ही येशूची शिकवण त्यांनी इतकी घट्ट धरली होती, की शेजाऱ्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. एकदा एक चिकट पाहुणा येताना दिसला म्हणून मी आत दडलो आणि कुंपणापलीकडे भाऊंना खूण केली, मी घरी नाही म्हणून सांगा. भाऊंनी त्याला सांगितलं, "घरीच हाये, पण तुमाले भेटाचं नाई म्हणते." त्यांच्या बकरीने आमची मेथी फस्त केली, तेव्हा मला कळायच्या आधी तेच दारात हजर. "मी पाहून राह्यलो होतो. हाकलाले उशीर केला. लय खुशीनं खात होती ते." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पण भाऊंची खरी परीक्षा मोहाच्या दिवसांत. मोहफुलं पहाटे पडतात, आणि आधी पोचेल त्याची टोपली भरते. म्हणून आमच्या गावात जुनी रीत आहे: ज्याच्या झाडाखाली फुलांचा सडा, तो आदल्या दिवशी पारावर बसून त्या झाडाखाली वाघ दिसल्याची आवई उठवतो. मोसमात इतके वाघ दिसतात, की तेवढे खरे असते तर गावात माणूस उरला नसता. अर्थात त्यांना कोणी भीत नाही. भाऊंना मात्र विचारलं, तुमच्या झाडाखाली वाघ आहे का, तर ते सांगत, "काल तं नव्हता. फुलं मस्त पडली हायेत." दुसऱ्या दिवशी अर्धं गाव त्यांच्या झाडाखाली. भाऊंच्या वाट्याला पाचोळा यायचा आणि ते तोही आनंदाने झाडत.

गेल्या वर्षी मीही आमच्या नाल्याकाठच्या झाडाखाली एक वाघ सोडला. चांगला मोठा, शेपटीसकट वर्णन केलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बायको टोपली घेऊन निघाली. तेवढ्यात भाऊ जंगलाकडून धापा टाकत कुंपणाशी आले.

"बाई, नाल्याकडे जाऊ नोका. वाघीण हाय, दोन पिल्लं हायेत."

"तो वाघ आमच्या यायनंच सोडला हाय, भाऊ," बायको हसत म्हणाली.

"तो मले ठाव नाई. हे मी पाह्यली."

बायकोने टोपली खाली ठेवली, काही न विचारता. निरोप घरोघर गेला आणि त्या दिवशी गावातून कोणीही जंगलात गेलं नाही. दुपारी वनरक्षकाला आमच्याच झाडाखाली पंजांचे ठसे दिसले, एकीचे मोठे आणि दोन पिल्लांचे लहान. वाघ म्हणजे माझीच थाप, असं समजून बायको हसत हसत तिथे गेली असती. एवढ्या वर्षांत भाऊंनी झाडलेला पाचोळा त्या सकाळी आमच्या कामी आला.

आता भाऊ चंद्रपूरला लेकीकडे असतात, डोळे अधू झाल्यामुळे. यंदाही मोह पडू लागला, पारावर वाघ दिसू लागले, आणि प्रथमच बाया टोपल्या घेऊन नुसत्या एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. खरं विचारायचं कोणाला? मी फोन लावला.

"मी तिथी नाई, मले कसं ठाव?" भाऊ म्हणाले.

ते खरंच होतं. मग उगाच विचारलं, करमतं का तिथे. लेक जवळच बसलेली असणार. दुसरा कोणीही मजेत आहे म्हणाला असता.

"लेक लय करते माह्यं," भाऊ म्हणाले. "पण नाई करमत."

"आमालेही नाई करमत, भाऊ," मी म्हणालो. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.