थंडीत थरथरणारा काटा

त्या मार्गशीर्षात मी रोज दत्तमहाराजांच्या तसबिरीपुढे हात जोडून उभा राहायचो, पण मागायचं काय, हेच ठरत नव्हतं. ट्रकचा स्पीडोमीटर नीट कर, असं देवाला कसं सांगावं? आणि खरं दुखणं त्याच्यापुढेही उच्चारायची मला लाज वाटत होती. हात जोडलेले, डोळे मिटलेले आणि मन बंद, अशी माझी प्रार्थना चालली होती.

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं. थोरल्या भावाचं, अण्णांचं, मार्केटात फुलांचं दुकान होतं आणि मी आमच्या जुन्या ट्रकमधून पहाटे कोलारकडच्या मळ्यांतली शेवंती आणि अबोली शहरात आणायचो. आदल्या पावसाळ्यात होसकोट्याजवळ गाडी घसरून रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेली. जीव वाचला. डोक्याला मार बसल्यामुळे बारीक, चिरके आवाज मला ऐकू येईनासे झाले, एवढंच घरच्यांना ठाऊक होतं. त्या दिवसापासून मला वेगाची भीती बसली होती, हे मात्र मी कोणालाही सांगितलं नाही. पुन्हा स्टेअरिंगवर बसलो तो काट्याच्या आधारावर. काटा चाळिसाच्या आत असेपर्यंत मी सुरक्षित, अशी मनाची समजूत घातली होती.

थंडी पडली आणि तो आधारही गेला. पहाटे धुक्यात गाडी काढली की काटा थरथरायचा आणि उडी मारून साठ, सत्तरावर जायचा. माझे हात गार पडायचे, पाय आपोआप ब्रेकवर जायचा. मागून येणाऱ्या बसेस हॉर्न वाजवत पुढे निघून जायच्या, तेव्हा कळायचं की मी बैलगाडीच्या चालीने चाललोय. डोळ्यांना काटा एक सांगत होता आणि रस्ता दुसरंच. फुलं मार्केटात उशिरा पोचू लागली. सकाळच्या पूजेची गिऱ्हाइकं निघून गेल्यावर माझा ट्रक उभा राहायचा आणि अण्णांच्या दुकानात शेवंती तशीच पडून राहायची.

के. आर. पुरमच्या एका गॅरेजात मी गाडी दाखवली. पण तिथे पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असायचं आणि काटा शहाण्या मुलासारखा वागायचा. मेस्त्रीने स्वतः गाडी चालवून, रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी वेळ ताडून पाहिली. सगळं बरोबर. तरी माझ्या आग्रहाखातर त्याने मीटर बदलला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. कुठे आवाज येतो का, असं त्याने विचारलं, तेव्हा मी नाही म्हणालो. शेवटी अण्णा हमालांसमोर शांतपणे म्हणाले, “काटा ठीक आहे रे. तुझंच मन ठिकाणावर नाही. संक्रांतीनंतर दुसरा ड्रायव्हर बघतो.” ते रागावले असते तर बरं झालं असतं. हमालांनी माना खाली घातल्या, त्या माझ्यासाठी.

कोणालाही एका पहाटे शेजारी बसवलं असतं तर खरं-खोटं झालं असतं. पण मी बसवलं नाही. त्या माणसासमोर काटा स्थिर राहिला तर? मग दोष माझ्या डोक्यातच आहे हे सिद्ध झालं असतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटू लागलं होतं.

दत्तजयंतीच्या आधीच्या एका पहाटे धुकं इतकं दाट होतं की समोरचं झाडही दिसत नव्हतं. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी बाई गाठोडं घेऊन उभी होती. तिने हात केला. एरवी मी थांबलो नसतो, पण त्या दिवशी गाडी इतकी हळू होती की न थांबणं हा उद्धटपणा झाला असता. पहिली बस आलीच नाही, बेंगळूरला लेकीकडे जायचंय, असं ती कन्नडमध्ये म्हणाली. मी तिला वर घेतलं. ती शेजारी बसून गाई, कडाका, यंदाची नाचणी असं काहीबाही बोलत राहिली. काटा थरथरू लागला. मी तो पाहिला नाही असं दाखवलं. तेवढ्यात तिने बोट पुढे केलं.

“हे का असं नाचतंय, अप्पा?”

तुम्हाला दिसतंय का, असं मी विचारलं. ती हसली आणि म्हणाली, “दिसतंय की. आणि आत हा रातकिडा कसला ओरडतोय?”

मला काहीच ऐकू येत नव्हतं. कुठे, असं विचारल्यावर तिने काट्याच्या मागच्या पत्र्यावर हात ठेवला. मी गाडी बाजूला घेतली, स्टेअरिंगवर डोकं टेकलं आणि रडलो. तिने का म्हणून विचारलं नाही. पुन्हा निघालो तेव्हा एवढंच म्हणाली, “स्वल्प सावकाश चल. मला घाई नाही.” शहरात तिच्या सांगण्यावरून एका सरकारी दवाखान्याच्या कोपऱ्यावर तिला उतरवलं.

आवाज येतो असं कळताच मेस्त्रीने मीटर सोडून त्याची केबल बाहेर काढली. आतलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. थंडीत केबल अडकत, सुटत फिरायची, ओरडायची आणि काट्याला झटके द्यायची. गाडी तापली की ग्रीस सैल पडायचं. त्याने केबल रॉकेलने धुतली, पातळ तेल दिलं, तिचा वाकडा पडलेला भाग सरळ केला. दुसऱ्या पहाटे काटा संथपणे वर चढला. अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी सगळ्यांना सांगत सुटलो की धुक्यातून महाराजच आले होते.

पण काटा स्थिर झाला तरी माझे हात कापतच होते. आता तर सबबही उरली नव्हती.

जयंतीचा प्रसाद घेऊन मी तिचं गाव शोधत गेलो. ती सापडू नये असंही मनात कुठेतरी होतं. सापडली नसती तर माझी गोष्ट पूर्ण झाली असती. ती गोठ्यात शेण भरत होती. मला ओळखून तिने हात धुतले आणि गरम दूध दिलं. लेक कशी आहे, असं मी विचारलं. तेव्हा तिच्या सुनेने सांगितलं की त्या पहाटे लेकीला कळा सुरू झाल्याचा निरोप आला होता. सासूबाई पोचल्या तेव्हा नात जन्मलीही होती.

मला मान वर करवेना. तुम्ही तर घाई नाही म्हणालात, असं मी कसंबसं म्हणालो.

“तुझे हात पाहिले ना मी,” ती म्हणाली. “भ्यालेल्या माणसाला घाई कशी करायची? लेक बाळाला घेऊन आता इथंच आलीय, नात रोजच भेटते.”

इतका लहान मी कधीच झालो नव्हतो. तिला देव करून मी मोकळा झालो होतो. देव केला की त्याने काय सोसलं हे विचारावं लागत नाही. कृपा अशीही येते, स्वतःची वाट सोडून, स्वतःचं काही गमावून, आणि ते आपल्याला कळूही न देता. मी जी भीती लपवत होतो, ती एका अनोळखी बाईने पाहिली होती आणि त्यामुळे काहीच बिघडलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तसबिरीपुढे मी पहिल्यांदा तोंडाने बोललो. म्हणालो, महाराज, मला गाडी चालवायची भीती वाटते. मागे बायको निरांजन घेऊन उभी होती, हे मला ठाऊक होतं. तरी बोललो. शरण जाणं म्हणतात ते हेच असावं, असं मला आज वाटतं. भीती गेली नाही, पण ती एकट्याने लपवण्याचं ओझं मी खाली ठेवलं.

तिने निरांजन ओवाळलं, तबक खाली ठेवलं आणि म्हणाली, “उद्यापासून मी येते शेजारी.”

तो हिवाळा संपेपर्यंत ती रोज पहाटे माझ्याबरोबर आली.