आधी तुम्ही बसा

व्यायामाचा आणि माझा छत्तीसचा आकडा. पेन्शन सुरू झाल्यावर लेकाने चालायला म्हणून भारीतले बूट आणले, ते मी लग्नकार्यांना वापरले. बायको म्हणायची, तुम्हाला सकाळी उठवायला आता बँडच लावायला हवा.

मग सुनेच्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. बायको गेल्यावर लेकीजवळ असावं म्हणून मनमाड सोडून नाशिकला आलेला आणि आमच्या मागच्याच गल्लीत एकटा राहणारा. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, नाहीतर पुन्हा माझ्याकडेच याल. पण व्याही सोफ्यावरून हलेनात. शेवटी सून माझ्यापाशी आली. म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलावलंत तर त्यांना नाही म्हणता येणार नाही. मुलाचे वडील आहात तुम्ही." पोरीचे डोळे भरले होते. झक मारत उठलो.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या बिल्डिंगखाली हजर, आणि ते इस्त्रीचा शर्ट घालून आधीच तयार. नदीकाठच्या गोदापार्कवर पोचलो की नुसता मानपान. "पुढे व्हा." "छे छे, तुम्ही व्हा." व्याही म्हटल्यावर हे आलंच. पण खरं सांगतो, त्यांना ताटकळत ठेवायचं नाही एवढ्यासाठी मी ऐन थंडीत पांघरूण सोडायला लागलो. स्वतःच्या शुगरसाठी हे मी उभ्या जन्मात केलं नव्हतं.

बसण्यावरून मात्र पंचाईत होती. मुलीचे वडील माझ्याआधी बसणार नाहीत. आणि मी बसलो तर त्यांची फेरी अर्धवट राहील, म्हणून मीही बसेना. माझे गुडघे बोंबलायचे, तरी चाललोय आपले.

एके दिवशी बोलता बोलता ते गप्प झाले. बघतो तर चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, हात कठड्यावर. शेजारीच बाक होता. मी म्हटलं, "बसा आधी." तर त्या अवस्थेतही हा माणूस म्हणतो, "आधी तुम्ही."

मी मटकन बसलो, तेव्हा कुठे ते बसले. हात हातात घेतला तर गार. मला भयंकर राग आला, आणि तेवढीच भीती वाटली.

"कधीपासून होतंय असं?"

"झाले चार-पाच दिवस."

"अहो, मग बोलायला काय झालं होतं?"

ते नदीकडे बघत हळूच म्हणाले, "बोललो असतो तर तुम्ही चालणं बंद केलं असतं. मग सकाळी खाली कोण येणार होतं माझ्यासाठी?"

सुनेच्या शब्दाखातर मी रोज जात होतो, आणि इकडे या माणसाचा अख्खा दिवस त्या एका तासावर उभा होता.

रिक्षा करून तसंच डॉक्टरांकडे नेलं. प्रेशर उतरलं होतं. डॉक्टरांनी प्रेशरची गोळी कमी केली आणि थोडे दिवस चालायला बंदी घातली. सून धावत आली. बापाच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

दुसऱ्या सकाळी मी नेहमीसारखा गेलो, फक्त जिना चढून वर. त्यांनी दार उघडलं आणि बघतच राहिले. "आज कुठे जायचंय?" मी म्हटलं, "कुठे नाही. चहा टाका." ते दिवस आम्ही नुसता चहा प्यायलो आणि त्यांच्या बायकोबद्दल बोललो.

मग बंदी उठली. दम लागला की तिथेच बसायचं, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पहिल्या दिवशी माझं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे. थोडं चाललो असू, ते थांबले. "दमलो," म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता सरळ बाकावर जाऊन बसले. मी आपला तसाच उभा. इतकं बरं मला लेकाच्या लग्नातही वाटलं नव्हतं.