क्रेसेन्झचा उजवा हात

आज मृतांचा दिवस. देवळात सकाळची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, ऐकून क्रेसेन्झच्या कबरीवर दिवा ठेवून आले. घरी आल्यावर वाटलं, हिच्याबद्दल आपण वहीत कधी सलग लिहिलंच नाही. व्हिएन्नात एकाच मजल्यावर समोरासमोर एकवीस वर्षं राहिलो आम्ही.

ती टायरॉलच्या डोंगरातली. उंच, लांब मानेची, बोटं निमुळती. आणि अशी बाई धोबीखान्यात कॉलरींना इस्त्री करायची! वाफेनं तिची छाती धरली. डॉक्टर म्हणाले, "वाफ सोडा, नाहीतर दोन हिवाळे काढाल." घरी येऊन मला म्हणते कशी, "वाफ सोडून खाऊ काय, हवा?"

मग देवानं खरोखरच हवेतलं काम दिलं. मास्तर होल्ट्सर सरदार घराण्यांतल्या बायकांची चित्रं काढायचे. क्रेसेन्झ त्यांच्याकडे कॉलरी पोचवायला गेली आणि त्यांनी तिला चित्रासाठी बसायला ठेवूनच घेतलं. काउंटेसबाई चेहऱ्यापुरत्या दोन-तीनदा येऊन बसायच्या. पुढे त्यांचा झगा पेटीतून यायचा, आणि तो अंगावर चढवून महिना महिना बसायची आमची क्रेसेन्झ. रेशीम तिच्या अंगावरचं, खांदे तिचे, हात तिचे. दर वसंतात चित्रं मांडली की आम्ही दोघी रविवारचे कपडे घालून बघायला जायचो. गर्दीत ती माझ्या कानात म्हणायची, "रोझिना, चेहरा सोड गं. मानेखालची सगळी मी आहे."

मास्तरही मजेशीर. तिला खोकला आला की ब्रश खाली ठेवून म्हणायचे, "सेन्झी, काउंटेस खोकत नसतात."

"मग त्यांना काय होतं, मास्तर?"

"त्यांना हवापालट होतो."

तासन्‌तास न हलता बसायचं कसं, हे मी एकदा विचारलं, तर तिनं झग्याच्या घडीत ठेवल्यासारखा हात मांडीवर ठेवून दाखवला. मनात जपमाळ चालू. मणी नाहीत, म्हणून अंगठा एकेका बोटाच्या टोकावर, मग एकेका पेरावर. ‘नमो मरिये’ची प्रार्थना दहा वेळा झाली की पुन्हा पहिल्यापासून. "मास्तरांना कळत नाही," ती म्हणाली, "पण हात मऊ राहतो."

मास्तरांना खरंच कळलं नाही. त्यांनी जसा दिसला तसा रंगवला, अनामिकेच्या पेरावर अंगठा टेकलेला. आणि चित्र कुणाचं, तर हंगेरीच्या केरेशी घराण्यातल्या धाकट्या काउंटेसचं. ते सगळे कडवे प्रॉटेस्टंट. त्यांच्यात जपमाळ नाही, मूर्ती नाही. थोरल्या काउंटेसनं भिंगातून चित्र बघितलं आणि त्याच दिवशी परत पाठवलं. सोबत निरोप: "आमच्या सुनेला कॅथलिक करायचं काम तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

मास्तर क्रेसेन्झला म्हणाले, "हात नव्यानं काढायचाय. ह्या खेपेला जप बंद. नाही जमलं तर मला दुसरी बघावी लागेल, सेन्झी. इलाज नाही."

दुसरी आली म्हणजे हिला परत वाफेत जाणं. ती इतकी घाबरली की मला सोबत घेऊन गेली. मी विणकाम घेऊन कोपऱ्यात बसले. जप नाही म्हटल्यावर तिचा हात बघता बघता आवळला. मास्तरांनी रंग खरवडला. पुन्हा काढला, पुन्हा खरवडला.

"हा काउंटेसचा हात नव्हे! हा इस्त्री धरलेला हात आहे! काहीतरी दुसरं आठव ना, बाई!"

"बटाट्याच्या सुपाची कृती म्हण मनात," मी म्हटलं.

तिनं म्हटली असावी, कारण हात ढवळल्यासारखा फिरायला लागला. मास्तरांनी डोकं धरलं.

मग क्रेसेन्झनंच विचारलं, "मास्तर, त्या लोकांच्या बायका देवळात करतात काय?"

"करणार काय, स्तोत्रांचं पुस्तक धरतात."

"मग पुस्तक आणवा. पुस्तकाआड माझं चालू राहील."

दुसऱ्या दिवशी काउंटेसचं स्वतःचं पुस्तक आलं, काळं, चांदीच्या कडीचं. क्रेसेन्झनं माझ्याकडे बघितलं. पाखंडी पुस्तकाला हात लावणं म्हणजे पाप, हे दोघींनाही लहानपणापासून शिकवलेलं. "धरू का गं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "नको. जीवापेक्षा आत्मा मोठा."

तिनं पुस्तक घेतलं. अंगठा पानांच्या आत गेला. हात असा सैल, सुरेख पडला की मास्तर लगेच रंगवायलाच लागले. मी विणकाम गुंडाळून उठून आले.

पुढचे सहा आठवडे मी तिच्याशी बोलले नाही. जिन्यात भेटली तर कठडा बघायचे. तिनं माझ्यासाठी दाराशी ठेवलेला पावही तसाच राहू दिला.

ईस्टरच्या आधी ती पापनिवेदनाला गेली. बाहेर मी रांगेत होते. ती आली ती थेट माझ्यापाशी, आणि देवळात नको एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "रोझिना, फादरनी प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिये म्हणायला सांगितल्या. तीनच! मी म्हटलं, फादर, त्या पुस्तकाआड दिवसाला दीडशे होत होत्या."

"मग?"

"म्हणाले, मग हिशेब देवाकडे सोडा आणि छातीला फडकं बांधत जा."

मी हसले नाही तेव्हा. रांगेतून निघताही येईना. पण संध्याकाळी सूप घेऊन तिच्या दारात गेले.

मास्तरांकडचं ते बसायचं काम तिच्याकडे अकरा वर्षं राहिलं. दोन हिवाळे म्हटले होते डॉक्टरांनी, तिनं तेरा काढले. तू बरोबर होतीस, एवढं एक वाक्य मी तिला त्या तेरांपैकी कुठल्याच हिवाळ्यात म्हटलं नाही. सूप मात्र नेत राहिले.