पडीक गाल

रेवसच्या बोटीत माझ्या शेजारी एक भातशेतीवाला बसला होता. मुंबईच्या इस्पितळात कॅन्सरवर किरणं घेऊन त्याचा उजवा गाल काळा पडला होता, पण ऐट अशी की जणू पदवीच घेऊन परततोय.

"चांगल्या पेशी रोज तंबाखू-चुन्यानं छळल्या ना, की बिथरतात," तो मला शिकवू लागला. "मंग वाढतच सुटतात, कुनाचं ऐकत न्हाय. मशीन त्यांनाच जाळतं."

मी मान डोलावली. एवढं ज्ञान देऊन त्यानं तळहातावर तंबाखू मळली, दोनदा थोपटली आणि डाव्या गालात सारली.



"उजवा यंदा पडीक ठेवलाय," तो म्हणाला.

मी खो खो हसणार होतो, पण आधी कठड्याशी जाऊन माझी तंबाखू थुंकावी लागली.