अर्धी गेलेली ओळ

चंदगडकडची संयोगिता मुलखाची फटकळ. तिला गप्प बसवायचं कुणालाच जमलं नाही, आणि हे उद्यमनगरचं नशीबच म्हणायचं. तिथल्या अनेकांत नावाच्या शेठच्या कारखान्यात ती कॉम्प्युटरचं काम बघायची. तिथं पंपाचे भाग कापणारी मशीनं होती. कॉम्प्युटरमधून तारेवाटे एकेक ओळ हुकूम जायचा, तसं मशीनचं टूल चालायचं.

मध्यंतरी भाग बिघडायला लागले. टूल भलतीकडेच घुसायचं. शेठनं भर कारखान्यात, चालू कामं थांबवून, मशीन चालवणाऱ्या कृष्णातमामांवर तोफ डागली. "कृष्णात, भाग लावताना हात थरथरतोय तुझा! उद्यापासनं पॅकिंगला जा!" उभी हयात मशीनपाशी काढलेला माणूस खोकी बांधायला गेला.

ते बघून संयोगितानं हुकूम पाठवणारा प्रोग्राम उघडला. तो बाहेरून विकत आणलेला होता. ओळ पाठवायची आणि मागं वळून बघायचंच नाही, असा त्याचा खाक्या. तार मध्येच हलली की अर्धीच ओळ जायची. किती अक्षरं गेली हे सिस्टिम इमानदारीत सांगायची, पण हा बाबा ऐकेल तर शपथ! खुशाल पुढची ओळ ढकलायचा, टूल भलतीकडं घुसायचं, आणि पडद्यावर "सर्व ठीक". असल्या गोडबोल्यांची तिला मनस्वी चीड.

तिनं तो नव्यानं लिहिला. दर वेळी किती गेलं ते विचारायचं, उरलेलं तिथूनच पुढं पाठवायचं. जरासा व्यत्यय असेल तर पुन्हा प्रयत्न करायचा. तारच गेली असेल तर मशीन थांबवून भोंगा वाजवायचा.

दुसऱ्याच दिवशी भोंगा वाजला. शेठ धावत आले. पडद्यावर ठळक अक्षरं होती: "ओळ अर्धीच गेली. तार बघा. तवर मी हलत न्हाय." मशीनमागची तार खरंच निसटली होती. कापायला लावलेला भाग मात्र शाबूत होता. आणि कृष्णातमामा तर लांब पॅकिंगला, हातात चिकटपट्टी घेऊन उभे.

शेठ काय ते समजले. माणूस मनानं वाईट नव्हता. मामांजवळ जाऊन हळूच पुटपुटले, "चुकलं माझं. ये मशीनवर."

"शेठ, ऐकू न्हाय आलं," संयोगिता म्हणाली.

"त्याला सांगितलंय की!"

"आळ सगळ्यांनी ऐकला. मग हे बी सगळ्यांनी ऐकाय नको?"

शेठ लालबुंद झाले. नोकरी गेली, असं तिलाही वाटलं, पण ती जागची हलली नाही. मग शेठनं हात वर करून एकेक मशीन बंद करायला लावलं आणि ते छाती भरून ओरडले, "चूक कृष्णातची न्हवती! तारंची हुती, आणि न बघता बोललो ही माझी!"

मामांचे डोळे भरले. संयोगिताला तर शेठचाच अभिमान वाटला. मामांनी हातातली चिकटपट्टी खाली ठेवली आणि पार दारापर्यंत ऐकू जाईल असा आवाज लावला.

"व्हय शेठ! सगळं पोचलं!"